बोर्डावर तुमची गाडी चालूच होती

मास्तर,

त्या गुरुवारी चार वाजून सात मिनिटांनी मी एप्रनच्या खिशातून फोन काढला. तुम्हाला लावायला नाही, तुमच्या माडीवरच्या छोट्या रेल्वेचा बोर्ड बघायला. ओळ आली: गाडी ३, सोलापूरकडे, वेग १२, चालू. बघितलं, बरं वाटलं, फोन खिशात टाकला आणि पुन्हा मुलांच्या जर्नलवर सह्या करत बसले.

एवढंच केलं मी. आणि हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

काकू त्या दिवशी अक्कलकोटला भावाकडे गेल्या होत्या. निघताना मला फोन करून म्हणाल्या, "मी साडेसहाला येते. तेवढं चारला फोन करून बघ गं त्यांना. विसरू नको." मी म्हणाले, "विसरते होय काकू!" साडेसहाला त्या आल्या तर तुम्ही खाली नव्हता. हाका मारल्या. शेवटी दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून वर गेल्या. तुम्ही टेबलापाशी पडलेले होता. पडताना हात लागला असणार, कारण तीन नंबरचं इंजिन रुळावरून उडून फरशीवर आडवं झालं होतं.

मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. वर गेले. बोर्ड लागलेलाच होता. त्यावर तीच ओळ: गाडी ३, सोलापूरकडे, वेग १२, चालू.

प्लग काढला आणि खाली आले. काकूंनी माझा हात धरला. "चारला बोललीस ना त्यांच्याशी? कसे होते?"

मी म्हणाले, "बरे होते काकू."

आज सोळा दिवस झाले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू सांगतात, "चारपर्यंत काहीच न्हवतं बघा. पोरीशी बोलले की. बरे होते." आणि मी तिथं असले की माझ्याकडे बघतात. मी मान हलवते. रोज चार वाजायला आले की हात खिशाकडे जातो, जणू अजून वेळ गेलेली नाही, आत्ता लावला फोन तर तुम्ही उचलाल.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये आलात तेव्हा हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत बंद पडलेली कंट्रोल पेटी. रिटायर स्टेशन मास्तर घरात छोटी रेल्वे चालवतो हे ऐकून आमचे मोठे सर हसले आणि तुम्हाला माझ्याकडे पाठवलं. मी तासिका तत्त्वावर शिकवणारी. असली कामं माझ्याच टेबलावर यायची. पेटी उघडायच्या आधी तुम्ही विचारलंत, "कुणाची तू?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "वडील लूमवर आहेत. आई विड्या वळते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली." हे मी सांगतेच. कुणी विचारलं नाही तरी सांगते.

तुम्ही म्हणालात, "मग हाताला काम येत असंल तुझ्या." एवढंच. शाब्बास नाही, कौतुक नाही. मला ते फार आवडलं होतं, तेव्हा बोलले नाही.

पेटी दुरुस्त झाली आणि पुढच्या रविवारी मी तुमच्या माडीवर होते. प्लायवूडवर अख्खं स्टेशन. मुरमाड माळ, दोन बाभळी, पाण्याची टाकी, पार्सल ऑफिससमोर झोपलेलं काडेपेटीच्या लाकडाचं कुत्रं, आणि तुमच्या हातानं रंगवलेली पाटी: थांबेवाडी. मी विचारलं हे कुठं आलं, तर म्हणालात, "कुर्डुवाडीच्या अलीकडं. पस्तीस वर्षं नोकरी केली, पण माझ्या मनासारखं एक बी स्टेशन मिळालं न्हाय. म्हणून केलं."

मला मात्र त्या रुळांनी वेड लावलं. त्याच दोन रुळांतून इंजिनाला वीज जाते आणि त्याच दोन रुळांतून हुकूमही जातात. पेटी सारखी, सेकंदात कितीतरी वेळा, ओरडत असते: तीन नंबर, पुढं, वेग बारा. पाच नंबर, थांब. प्रत्येक इंजिनात एक चिप. ती फक्त आपल्या नंबराचा हुकूम ऐकते, बाकीचे सोडून देते. मी म्हणाले, "मास्तर, एवढं सगळं रुळातून वाहतंय, तर आपण पण ऐकू की. रुळाला दोन तारा लावते, हुकूम वाचते आणि स्टेशनावर असतो तसा बोर्ड करते. कुठली गाडी, कुठं चालली, किती वेगानं. आत्ताच्या आत्ता."

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "व्हईल?"

"का नाही व्हायचं?"

पाच रविवार लागले. पहिल्यांदा बोर्ड पेटला तेव्हा तुम्ही खास इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे होता. काकूंनी खालूनच विचारलं होतं, "कुणाचं लग्न हाय वर?" बोर्डावर ओळ आली: गाडी ३, पुढे. आणि गाडी आपल्या डोळ्यांसमोर उलटी, कुर्डुवाडीच्या बाजूला निघाली. तुम्ही एवढं हसलात की ठसका लागला. "पुढं म्हंजी कुणाच्या पुढं गं?" इंजिनाला पुढं म्हणजे त्याच्या स्वतःच्या नाकासमोर, आपण ते रुळावर कुठल्या तोंडानं ठेवलंय ते पेटीला काय माहीत. मी कोड बदलला, पुढे-मागे काढून टाकलं आणि कुर्डुवाडीकडे, सोलापूरकडे असं लिहिलं. इंजिनं कुठल्या तोंडानं ठेवायची ते मात्र तुम्हीच बघायचं, असं ठरलं.

त्या संध्याकाळी तुम्ही बोर्डाच्या खाली ब्रशनं बारीक अक्षरात माझं नाव घातलंत आणि त्याच्यापुढं 'इंजिनेर'. मी म्हणाले, मास्तर, मी इंजिनिअर नाही, एम.एस्सी. आहे, खोडा ते. तुम्ही खोडलं नाही.

आपलं भांडण मात्र त्या ठसक्यातच सुरू झालं होतं. तुम्ही रात्रभर विचार केलात बहुतेक, कारण दुसऱ्या दिवशी लॅबच्या फोनवर फोन. "पोरी, तुझा बोर्ड हुकूम दाखवतो. गाडी न्हाय दाखवत."

"अहो मास्तर, हुकूम दिला म्हणजे इंजिन चालणारच की."

"चालणारच की! नोकरीभर हेच ऐकलं. सोडली म्हंजी पोचणारच की. तुला सांगतो, मागच्या स्टेशनानं गाडी सोडली असं कळवलं तरी आमी पलाटावर जाऊन उभं राहायचो. गाडी पुढनं जाऊ द्यायची, आणि शेवटच्या डब्यावरची पाटी आपल्या डोळ्यांनी बघायची. पाटी दिसली तर गाडी पुरी आली. न्हाय दिसली तर डबे मागंच कुटं तरी तुटून राह्यलेत. त्याबिगर मागनं येणाऱ्या गाडीला लाईन क्लिअर द्यायची न्हाय, मग सायब बोंबलू दे न्हायतर मंत्री."

मी हसून टाकलं. आणि माझं बरोबर होतं, निदान नव्वद टक्के. उरलेल्या दहाची मला तेव्हा काय पर्वा.

मग तुमच्या हृदयात स्प्रिंग बसवली. डॉक्टरांनी सांगितलं, जिना दिवसातून एकदा, तोही सावकाश. काकूंचा जीव टांगणीला. पण कुणी "बरे आहात ना" म्हटलं की तुम्ही तोंड फिरवायचा. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "मी काय पार्सल हाय, पोचलं का न्हाय बघायला?" तेव्हा तुम्हीच तोड काढलीत. स्टेशन मास्तर एकमेकांना फोनवर लाईन क्लिअर देतात तेव्हा एक दोन आकडी नंबर सांगतात, प्रायव्हेट नंबर. कागदावर आकडे उलटसुलट मांडलेले असतात, सांगितला की तो खोडायचा, पुन्हा वापरायचा नाही. समोर खरंच माणूस आहे, आणि त्यानं खरंच हो म्हटलंय, याचा तो पुरावा. तुम्ही एका लांब वहीत असे आकडे मांडलेत आणि मला हुकूम केलात, रोज चारला.

"थांबेवाडी?"

"बोला, थांबेवाडी."

"लाईन क्लिअर?"

"लाईन क्लिअर. नंबर लिवून घ्या. बहात्तर."

मी माझ्या डायरीत बहात्तर लिहायची. तुम्ही वहीत खोडायचा. आवाज कसा आहे, धाप आहे का, गोळी घेतली का, सगळं त्या चार वाक्यांत मला कळायचं. काकूंना मी नंतर कळवायची. काकू म्हणायच्या, "मला सरळ सांगत न्हाईत, तुला आकड्यात सांगतात."

आणि मग, मास्तर, मी तो बोर्ड फोनवर आणला.

कौतुकानं आणला. तुमच्या वायफायवर एक छोटं सर्किट टाकलं की थांबेवाडीचा बोर्ड मला कॉलेजात दिसायचा. वर्गातल्या मुलांना दाखवला, मोठ्या सरांना दाखवला. ते या वेळी हसले नाहीत. तुम्हाला दाखवला तेव्हा तुम्ही बराच वेळ फोन हातात धरून बसलात आणि विचारलंत, "म्हंजी आता फोन करायला नको, न्हाय का?"

"करणार की. असं काय म्हणता."

पहिला आठवडा केला. मग प्रॅक्टिकल आली, पेपर आले. चारला बोर्ड बघायची. गाडी चालू आहे म्हणजे मास्तर वर आहेत, मास्तर वर आहेत म्हणजे बरे आहेत. किती सोपं झालं होतं सगळं. आठवड्यातून तीनदा फोन, मग एकदा. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत.

जायच्या आधीच्या रविवारी तुम्ही पुन्हा तो विषय काढलात. "रुळावर गाडी खरंच हाय का न्हाय, हे कळणारं कायतरी लाव." मला माहीत होतं काय लावायचं. रूळ चार तुकड्यांत तोडायचे; ज्या तुकड्यावर इंजिन असतं तो थोडी वीज ओढतो, नसलं की ओढत नाही. तेवढं मोजायचं. दोन रविवारांचं काम. मी म्हणाले, गरज नाही. तुम्ही म्हणालात, "तुझ्या बापाच्या लूमला कळतं, आडवा धागा तुटला की काटा पडतो आन लूम थांबतो. चौथी शिकलेल्या माणसाच्या लूमला कळतं, तुझ्या बोर्डाला कळत न्हाय."

तुम्ही वडिलांना कमी लेखत नव्हता, उलटंच होतं. पण मला 'चौथी' तेवढं ऐकू आलं. मी म्हणाले, "मास्तर, मी एम.एस्सी. आहे. काय लावायचं ते मला कळतं."

तुम्ही इंजिनाची चाकं पुसत बसलात. मी चहा न घेता उतरले. तेच आपलं शेवटचं बोलणं. गुरुवारचं नाही.

इथवर परवा लिहिलं आणि कागद मिटून ठेवला, कारण पुढं लिहायला काही नव्हतं. घरी वडिलांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, तेही ते अंगणात पाय धूत होते तेव्हा, उभ्या उभ्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काटा पडला नाही तर लूम चालतच राहतो, बाई. माणसाला वाटतं कापड होतंय. जवळ जाऊन बघितलं की कळतं." मग पाय पुसले आणि म्हणाले, "जाऊन सांग त्यांना. तुला हाकललं तर माझ्याकडे ये."

आज सकाळी गेले. रिक्षातून उतरले तरी गेटपाशी दोनदा मागे वळले. काकू तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले, आणि आधी पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "काकू, त्या दिवशी मी फोन केला नव्हता. नुसता बोर्ड बघितला. बरे होते म्हणाले ते खोटं."

काकूंचे हात थांबले नाहीत. त्या म्हणाल्या, "माहीत हाय मला."

"कसं?" मी विचारलं.

"पस्तीस वर्षं मास्तरची बायको हाय मी. तू म्हणलीस बोलले. मग नंबर कुटाय? दुसऱ्याच दिवशी वही बघितली."

"मग बोलला का नाहीत? सगळ्यांना तर सांगत होता..."

"तुझ्या समोर सांगत होते. तू कधी बोलतीस ते बघत होते." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "लई दिस लावलेस गं."

त्यांनी वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. तुमचं ते टपोरं, रजिस्टरात घालायचं अक्षर. मी फोन केला त्या दिवसांपुढे खोडलेला आकडा. आणि नाही केला त्या दिवसांपुढे, मास्तर, तुम्ही ओळी घातल्या होत्या. सोमवार: फोन नाही. चारला ३ नंबर सोडली. पोरगी बघत असेल. मंगळवार: फोन नाही. ३ नंबर सोडली. बुधवार: पेपर चालू असतील तिचे. ३ नंबर सोडली, वेग १२ ठेवला, तिला नीट दिसावं. आणि गुरुवार: ३.५५. ३ नंबर सोडली.

पुढची ओळ कोरी.

काकू म्हणाल्या, "डॉक्टरनं एकदाच चढा म्हणलं व्हतं. सकाळी चढायचे ते. पण चारला परत चढायचेच. मी ओरडायचे. म्हणायचे, पोरगी बघती, गाडी दिसली न्हाय तर घाबरंल."

म्हणजे मी तुमची गाडी बघत होते आणि तुम्ही माझ्यासाठी जिना चढत होता. चार सातला फोन केला असता तर काय झालं असतं, हे मी अठरा दिवस मोजते आहे. आता त्याच्या आधीचाही जिना मोजावा लागणार. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना कळलंही नसेल. पण डॉक्टरही नंतर आले होते. कुणी डोळ्यांनी बघितलेलं नाही.

मी रडायला लागले तेव्हा काकू म्हणाल्या, "साकु." पुरे म्हणायचं असलं की त्यांना माहेरची कानडी येते. "मी माफ केलं म्हणणार न्हाय. तसलं काय मला अजून वाटत न्हाय. पण त्यांनी सांगितलेलं काम तसंच ठेवलंयस ते वर जाऊन लाव. प्लग काढल्यापासनं खोली बघवत न्हाय."

मी दिवसभर वर होते. रूळ चार ठिकाणी कापले. तुमच्या बाभळीची एक फांदी माझ्या कोपरानं मोडली, चिकटवली आहे, वाकडी दिसते. दोन रविवारांचं काम एका दिवसात झालं, म्हणजे मी तेव्हाही करू शकले असते. तीन नंबरची चाकं तुमच्याच फडक्यानं पुसून इंजिन रुळावर ठेवलं, कुर्डुवाडीला पाठ करून. बोर्डावर आता दोन ओळी येतात. हुकूम: सोलापूरकडे, वेग १२. रुळावर: गाडी आहे, तुकडा दोन. मग मी चालत्या गाडीचं इंजिन हातानं उचललं. वरची ओळ तशीच राहिली. खालची लगेच बदलली: गाडी नाही.

तुमचं बरोबर होतं, मास्तर. हे मी त्या रविवारी म्हणायला हवं होतं. वडिलांच्या लूमबद्दलचंही तुमचंच बरोबर होतं, आणि त्याचा मला राग नव्हता, अभिमान वाटायला हवा होता.

फोनवरचा बोर्ड मी काढून टाकलेला नाही. काकूंनीच काढू दिला नाही. "तो राहू दे. पण त्याच्यावर इसवास ठेवायचा न्हाय," म्हणाल्या. मी जिना उतरून खाली आले तेव्हा त्यांनी वही परत मागून घेतली.

हे लिहीपर्यंत दुसरा दिवस उजाडला, आणि आज चारला, मी लॅबमध्ये असताना, फोन वाजला. तुमच्या घरचा नंबर. मी उचलला, हॅलो म्हणाले. पलीकडून काकू म्हणाल्या, "विचार की गं. कसं विचारायचीस त्यांना?"

मी म्हणाले, "थांबेवाडी?"

"बोला."

"लाईन क्लिअर?"

मागे भांड्याचा आवाज आला, कुणीतरी गेट लावल्याचा आला.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "आज न्हाय बरं वाटत. येतीस का?"

मी जर्नलं तशीच टाकली आणि निघाले. नंबर विचारायचा राहिला.